टाचेतला दोरा

फोड तिसऱ्या दिवशी आला की चौथ्या, ते आता सांगता येत नाही. पहाटे पाचला कुणाची तरी गिटार, ओला तंबू, शेजारच्या तंबूतलं घोरणं, मग चालता चालता 'गोजिंकी', म्हणजे पोलिश यात्रेकरूंची काकडआरती म्हणा. सगळे दिवस एकात एक मिसळून गेलेत. आळंदी-पंढरपूर दोनदा केलेला माणूस मी. ही पोलंडमधली कॅथलिक पायी वारी, चेंस्तोखोव्यातल्या यास्ना गुरा मठातल्या काळ्या मरियेच्या दर्शनाची. वॉर्सा ते चेंस्तोखोवा सुमारे अडीचशे किलोमीटर, नऊ दिवस, तेही सपाट रस्ता. दिवेघाट नाही की काही नाही. ही मिजास पायांनी उतरवली.

6 ऑगस्ट 2025 ला निघालो. ऑफिसातला मित्र दरवर्षी जातो, त्याच्या मागे लागून गेलो. त्याच सकाळी तिकडे संसदेत उजव्यांचे कारोल नावरोत्स्की राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेत होते. आमच्या दिंडीतले निम्मे लोक खुशीत होते, उरलेल्यांपैकी कुणी काही बोलत नव्हतं. मित्राने आधीच सांगितलं होतं, "रस्त्यावर राजकारण नको हं." मी म्हटलं, मला मतच नाही इथे, मी कशाला काढतोय?

दिंडीत सगळे एकमेकांना 'भाऊ', 'ताई' म्हणतात. 'पान', 'पानी' ही अहोजाहो घरी ठेवून यायची. आपल्या माऊलीसारखंच. दुसऱ्या दिवसापर्यंत मी 'कोल्हापूरचा भाऊ' झालो होतो. लाऊडस्पीकर पोरं पाळीपाळीने पाठीवर वाहतात. त्याला विण्याइतका मान आणि विण्याच्या दहापट वजन. एक तास मीही वाहिला. मागे चालणाऱ्यांना भजन ऐकू येतं, वाहणाऱ्याच्या कानात नुसती खरखर.

त्याच लाऊडस्पीकरवरून फादरांचं निरूपण चाले. फादर तरुण, दाढीवाले, पायात माझ्यापेक्षा वाईट बूट. त्यांचा आवाज मला आवडायचा. एका दुपारी त्यांनी 1655 पासून सुरुवात केली. स्वीडिश फौजेचा यास्ना गुराच्या मठाला वेढा, मठ पडला नाही, पुढच्या वर्षी राजा यान काझिमेशने मरियेला पोलंडची राणी म्हणून घोषित केलं. मग 1920, बोल्शेविक वॉर्साच्या वेशीवर, आणि 15 ऑगस्टला त्यांना परतवणारा 'विस्तुलाचा चमत्कार'. इथवर मी रंगून ऐकत होतो. आपल्याकडच्या कीर्तनातही अफजलखान येतोच की. मग आवाज न बदलता फादर म्हणाले, आज पुन्हा सरहद्दीवर तेच संकट आहे, फक्त यावेळी ते तलवार न घेता येतंय.

पुढे-मागे शंभरेक माणसं, त्यात सावळा मी एकटा. कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांनी इतक्या नेमाने समोर पाहिलं की तेवढंच पुरेसं होतं.

हे फादरांच्या पदरचं नव्हतं. महिनाभर आधी, जुलैत, यास्ना गुरावरच निवृत्त बिशप आंतोनी द्वुगोश रात्री नऊच्या अपेल प्रार्थनेत, म्हणजे देवीच्या समोर, युरोपचं इस्लामीकरण चाललंय असं बोलले. निर्वासितांना अडवायला जर्मनीच्या सरहद्दीवर टोळ्या उभ्या करणाऱ्या रोबेर्त बोंकिएविचच्या चळवळीला त्यांनी पाठिंबा दिला. दोन दिवसांनी रादिओ मारिया या कॅथलिक रेडिओच्या यात्रेत दुसरे निवृत्त बिशप, व्हिएस्वाव्ह मेरिंग, जर्मन माणूस पोलिश माणसाचा कधी भाऊ होणार नाही, ही जुनी म्हण सुनावून गेले. सरकारने व्हॅटिकनकडे रीतसर तक्रार केली. तेव्हा वुच शहराचे आर्चबिशप असलेले कार्डिनल ग्झेगोझ रिश मात्र निर्वासितांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे सगळे झगेवाले एका माळेचे मणी नाहीत, हेही लिहायला हवं.

आणि धर्म-राजकारण वेगळं ठेवा असं या लोकांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. 1966 मध्ये कम्युनिस्ट सरकारने काळ्या मरियेच्या चित्राची प्रतच अडकवून ठेवली. गावोगाव फिरायचं ते चित्रच नाही, तर लोकांनी रिकामी चौकट फिरवली. सहा वर्षं. कुणी आपल्या पालखीतल्या पादुका काढून घेतल्या तर आपण रिकामी पालखी नेली असती का? नेली असती, असं वाटतं मला. त्या चौकटीच्या गोष्टीवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या भावाने ते पाहिलं, आणि मला उगाच राग आला.

पण ती चौकट आता सत्तेच्या भिंतीवर टांगली आहे. 1 ऑगस्ट 2019 ला क्राकुव्हचे आर्चबिशप मारेक येंद्राशेव्स्की, वॉर्साच्या उठावाच्या पंचाहत्तरीच्या प्रार्थनेत, म्हणाले की लाल प्लेग, म्हणजे कम्युनिझम, गेला, आता इंद्रधनुषी, म्हणजे समलिंगींच्या चळवळीचा, आलाय. मित्राची धाकटी बहीण तेव्हापासून चर्चची पायरी चढलेली नाही. तो हे सांगताना बुटाची नाडी बांधत होता. एकच नाडी, बराच वेळ.

फोडाचं राहिलंच.

दुपारी अडीचच्या सुमारास उजवी टाच फुटली. दिंडीची मेडिकलची ताई कुठेतरी मागे होती. मी एका घराच्या कुंपणाला टेकलो. आतून एक आजीबाई आल्या, ऐंशीच्या असतील, फुलाफुलांचा अंगरखा. काही न विचारता दंड धरून आत नेलं. स्वयंपाकघरात स्टूल, टीपकागदाएवढा टेबलक्लॉथ, फ्रिजवर रादिओ मारिया. तोरुनमध्ये 1991 ला फादर तादेउश रिझिकनी सुरू केलेलं हे स्टेशन. मंत्री स्टेशनच्या वाढदिवसाला हजेरी लावत, एवढी त्या फादरांची पत. वॉर्सातले माझे मित्र त्याचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. मी ते पहिल्यांदाच कुणाच्या घरात ऐकत होतो, आणि ते एका एकट्या बाईच्या घरात बोलणारं दुसरं माणूस होतं.

आजींनी परातीत कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं. माझा पाय स्वतः त्यात ठेवला. मी "नको, नको" करत राहिलो. कोल्हापुरात असतो तर त्यांच्या पाया पडलो असतो, इथे उलटंच चाललं होतं. मग सुई काडीच्या ज्योतीवर धरली, निळा दोरा ओवला, आणि फोडाच्या या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर. दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपायला. वाखरीला एका माळकरी बाबांनी माझ्या पायात हुबेहूब असाच दोरा ओवला होता. तीन वाजले. रेडिओवर कोरोन्का, म्हणजे मण्यांवरचा जप, सुरू झाली, आजी माझी टाच हातात धरूनच पुटपुटू लागल्या.

जप संपल्यावर विचारलं, कुठला तू? मी म्हटलं, कोल्हापूर. माझ्या मोडक्या पोलिशमध्ये सांगायला लागलो की 1943 ते 48 आमच्या वळिवड्यात पाच हजार पोलिश माणसं राहिली, सैबेरियातून सुटलेली, बहुतेक बायका-पोरं. शाळा होती, चर्च होतं, महावीर उद्यानात स्मारक आहे. 'निर्वासित' हा शब्द मला पोलिशमध्ये पक्का येतो, तो मी दोनदा वापरला. आजींनी मान हलवली आणि काचेच्या बरणीतून खारवलेली काकडी काढून दिली. त्यांना वाटलं मला भूक लागलीय. मग गालाला हात लावून म्हणाल्या, "तू चांगला आहेस, देवीकडे निघालायस. तू त्यांच्यातला नाहीस."

काकडी फार छान होती. मी दोन खाल्ल्या.

चेंस्तोखोव्यात 14 ला पोचलो. दर्शन मिनिटभर. गालावरचे दोन व्रण तेवढे नीट दिसले, बाकी समोरच्याचा झेंडा. आईचा फोन आला, "झालं का रे दर्शन?" झालं म्हटलं.

त्याआधी 'प्शेप्रोश्ना गुर्का' लागते, क्षमेची टेकडी. तिथे सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागायची, मिठी मारून. घोरणाऱ्याने माझी मागितली, मी त्याच्या तंबूला लाथ मारल्याची मागितली. मग समोर फादर आले. घामाने भिजलेले, ओठ फुटलेले. त्यांनी मला घट्ट धरलं आणि म्हणाले, "प्शेप्राशाम, भाऊ." त्या दुपारबद्दल, की सगळ्यांना म्हणतात तसं? मीही म्हटलं, प्शेप्राशाम. कशाबद्दल, ते मलाही सांगता आलं नसतं. ते पुढच्याकडे वळले. माझ्या रांगेत अजून चाळीसेक माणसं होती, आणि निळा दोरा मोज्यात अडकून ओढत होता.