कोयता जायच्या आत गॅदरिंग

मराठवाड्यातल्या शाळांत वर्षातून चार वेळा झेंडा चढतो. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट हे तिन्ही सगळ्या महाराष्ट्राचे. 17 सप्टेंबर मात्र आमचा. देश स्वतंत्र झाला तरी हैदराबाद संस्थानातली आमची गावं पुढं 13 महिने निजामाच्याच ताब्यात होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा आत शिरल्या आणि 17 ला निजामानं हात टेकले. पुण्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्या गावात पहिलीतल्या पोरालाही ती तारीख पाठ असायची, आणि त्याचं खरं कारण इतिहास नव्हे. त्या दिवशी गॅदरिंग असायचं.

सप्टेंबरात कसलं गॅदरिंग, असं कुणीही विचारेल. इतर शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत, थंडीत, सहामाही परीक्षा आटोपल्यावर. आमचीही आधी तेव्हाच होत. पण आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. रान मुरमाड, पाण्याचा भरवसा नाही. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला बाहेर पडायचं. कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवरच घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचं. त्यामुळं डिसेंबरात पोरगी स्टेजवर कोळीगीतावर नाचायची, तेव्हा तिची आई कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असायची. समोर बसलेले म्हणजे म्हातारी माणसं, दोन-चार दुकानदार आणि आम्ही पोरंच.

मग एक नवे मोठे गुरुजी बदलून आले. हेडमास्तरांना आमच्याकडं मोठे गुरुजीच म्हणत. त्यांनी पहिल्याच पालक सभेत विषय काढला. “लेकरं नाचणार आणि बघायला तुम्ही नाही, तर मग हा खटाटोप कुणासाठी?” असं म्हणून त्यांनी गॅदरिंग 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला बांधून टाकलं. सकाळी झेंडावंदन, प्रभातफेरी, आणि तिथूनच थेट कार्यक्रम. वरून कुणी साहेबांनी हरकत घेतली की नाही, ते आम्हा पोरांपर्यंत पोचलं नाही. पण गावानं मात्र गुरुजींना त्या एका गोष्टीसाठी आयुष्यभर मानलं.

तेव्हा शाळेची बातमी घरी पोचायचे तीनच मार्ग. एक व्हरांड्यातला फळा, ज्यावर सुविचार आणि पटसंख्येच्या खाली खडूनं सूचना लिहिलेली असे. दुसरा मारुतीच्या देवळावरचा भोंगा. तिसरा म्हणजे आम्ही, आणि तो सगळ्यात बेभरवशाचा. वर्गात नोटीस वही फिरायची, गुरुजी वाचून दाखवायचे, आम्ही ते ऐकून गोट्या खेळत घरी जायचो, आणि घरी पोचेस्तोवर निरोपाचं काहीच्या बाही झालेलं असायचं. “पडद्यासाठी प्रत्येक घरातून एक लुगडं पाठवा” हा निरोप एका पोरानं घरी असा सांगितला, की शाळेत बायकांना लुगडी वाटणार आहेत. दुसऱ्या दिवशी त्याची आजी सकाळीच शाळेच्या पायरीवर येऊन बसली होती.

लुगडी मात्र खरंच लागायची. पावसाचे दिवस, त्यामुळं स्टेज मैदानात नाही, व्हरांड्यातच. मागं सुतळीवर लुगडी लावून पडदा केलेला. आयाबाया समोर बसून आपापलं लुगडं ओळखायच्या आणि नाटक ऐन रंगात आलेलं असताना मागून हाक यायची, “आवो गुरुजी, त्या हिरव्याला खिळा नका ठोकू, मायं हाय ते!” पोरींना नऊवारी नेसवायला गल्लीतल्या दोन बायका सकाळपासून एका वर्गात बसलेल्या. पावडर इतकी, की चेहरा आणि मान वेगवेगळ्या पोरींची वाटावी. दागिने मागून आणलेले, म्हणून ज्याच्या घरचे ते माणूस कार्यक्रमभर त्या पोरीवरच नजर ठेवून.

मुक्तिसंग्रामाचं नाटक ठरलेलं. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचा हत्यारबंद माणूस, व्हायला कुणी तयार नसायचं, कारण शेवटी मार खावा लागायचा आणि मारणारे अभिनय विसरायचे. मोठे गुरुजी सुरुवातीला स्वामी रामानंद तीर्थांविषयी सांगायचे. लढ्याचे पुढारी होण्याआधी ते शिक्षकच होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला, हे सांगताना गुरुजींची छाती जरा फुगायची. ते साहजिकच होतं. पण नाटकाचे खरे परीक्षक पुढच्या रांगेत बसलेले म्हातारे. त्यांनी पोलीस ॲक्शन, म्हणजे 1948 ची ती फौजांची कारवाई, डोळ्यांनी पाहिलेली. पोरगं चुकीच्या बाजूनं पळालं की एखादा काठी आपटून उभा राहायचा, “तसं नव्हतं रं, खालच्या वेशीकडून आले व्हते!” मग नाटक थांबायचं, म्हातारा सांगायचा, आणि आम्ही लाकडी बंदुका धरून ऐकत उभे. आज वाटतं, त्या अडथळ्यांसाठीच ते नाटक करायला हवं होतं. माईकवर ठरवून बोलवलेल्या पाहुण्यांच्या भाषणातलं मला काही म्हणता काही आठवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जायचा तो बक्षिसं पुकारण्यात. नाच चालू असतानाच समोरून चिठ्ठी यायची, गाणं थांबायचं आणि सर माईकवर सांगायचे, अमुक अमुक यांच्याकडून या नाचाला 11 रुपये. की दुसरा 21 पुकारायचा. भावकीत वाद असेल तर आकडा आणखी चढायचा. पैसे पोरांच्या हातात पडत नसत. ते वहीत लिहून शाळेत जमा. त्यातूनच शाळेची पितळी घंटा आली, सतरंज्या आल्या, पाण्याच्या टाकीला झाकण बसलं. मुकादमानं उठून 51 रुपये पुकारले की टाळ्या पडायच्या, आणि मागून कुणी तरी हळूच म्हणायचं, “उचलीत धरू नको म्हणजे झालं.” लोक हसायचे. मुकादमही हसायचा. वर्षभरात त्याच्या तोंडावर एवढं बोलायची सोय दुसरीकडं कुठं नव्हती.

पावसानं एकदा तरी यावंच, असा नेम होता. पाऊस आला की समोरची सगळी माणसं व्हरांड्यात, स्टेजवर. नाचणाऱ्या पोरी भिंतीला चिकटून. टेपरेकॉर्डर आधी आत न्यायचा, मग पोरं. बुंदीचं घमेलं कुणाच्या तरी डोक्यावर. पाऊस थांबला की पुन्हा तिथूनच सुरू. पण लोक जागेवर परत जात नसत, तिथंच स्टेजच्या कडेला बसून राहायचे, आणि शेवटचे दोन-तीन नाच आईबापांच्या मांडीला घासूनच व्हायचे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की बाकांवरची पोरं निम्मी. काही आईबापांबरोबर गेलेली, काही आजीजवळ ठेवलेली. पुढं हंगामी वसतिगृहं निघाली, त्यानं राहणाऱ्यांची संख्या वाढली, पण आमच्या वेळी सगळा भार आज्यांवर. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, पोरी पुस्तक छातीशी धरून फेरीत. संक्रांतीच्या आसपास माता-पालक मेळावा, आणि त्यात माता कमी, आज्याच जास्त. त्यांतल्या कितीतरी विधवा. त्या दाराशीच घुटमळायच्या, हळदीकुंकवाला कसं जायचं म्हणून. आमच्या बाई बाहेर जाऊन त्यांना हाताला धरून आत आणायच्या, सगळ्यांना तिळगूळ, सगळ्यांना कुंकू, काही विचारायचं नाही की सांगायचं नाही. पहिल्या वर्षी गावात थोडी कुजबुज झाली. नंतर नाही.

26 जानेवारी, विज्ञान दिन, सातवीचा निरोप समारंभ हे सगळं व्हायचं, पण त्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. खरी गर्दी परत दिसायची ती 1 मेला. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि लगेच निकाल. मार्च-एप्रिलपर्यंत साखर कारखान्यांचे पट्टे पडलेले, म्हणजे हंगाम संपलेला, कोयते परतलेले. काळवंडलेले, वाळलेले आईबाप लेकराचं प्रगतीपुस्तक उलटं धरून बघायचे आणि विचारायचे, “वर गेलं ना?” गुरुजी हो म्हणायचे. बहुतेकदा ते खरं असायचं.

आता शाळेत व्यवस्थापन समिती आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आलेली, तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका. पूर्वी लुगड्याला खिळा ठोकू नका म्हणून ओरडणाऱ्या बाईची सून आज त्या समितीत आहे आणि केंद्रप्रमुखांशी मोठ्या आवाजात बोलते. फळाही आहे, पण बातमी मोबाईलवरच्या पालकांच्या गटात आधी येते. माझं पोरगं त्या शाळेत नसूनही मी त्या गटात आहे. कुणी तरी घातलं, आणि मी बाहेर पडलो नाही. प्रवेशोत्सव कधी, 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला कुणाच्या घरची पुस्तकं आणायची, केंद्रस्तरीय कबड्डीला पोरांना न्यायला जीप कुणाची, हे सगळं मला पुण्यात बसून कळतं. हंगामात फडातूनही लोक तिथंच असतात. झेंडावंदनाचा व्हिडिओ पडला की कोपीवरून, तोडकऱ्यांच्या झोपडीवरून, उत्तर येतं, आमची पिंकी कुठल्या रांगेत, दिसना.

गॅदरिंग अजून 17 सप्टेंबरलाच असतं. मधे एक गुरुजी आले होते, त्यांनी ते जानेवारीत न्यायचं सुचवलं, हवा चांगली असते म्हणून. समितीतल्या बायकांनी त्यांना विचारलं, तुमच्या घरचं कुणी तोडीला जातं का? विषय तिथंच मिटला.

यंदाची सूचना परवाच आली आहे. झेंडावंदन, फेरी, मग कार्यक्रम, जेवण मसालेभात. खाली आतापासूनच वाद पेटलाय, की मागच्या वर्षी भात कच्चा कुणामुळं राहिला. एकजण म्हणतो पातेलं लहान होतं, दुसरा म्हणतो सरपण ओलं होतं, आणि समितीच्या बाईंनी दोघांनाही यंदा चुलीपाशीच नेमलंय. बक्षिसं आता फोनवरूनही पुकारता येतात म्हणे. मी 51 सांगून ठेवलेत. वर्गमित्रानं लगेच 101 लिहिलं आणि पुढं हसणारं तोंड टाकलं. बघू, नाच सुरू झाल्यावर चढवतो.