गुरुजी, मला मेलेली लिहिलंस का?

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शाळा दोन शिक्षकी, त्यामुळे बीएलओचं, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम दोघांपैकी एकाच्या गळ्यात पडणारच होतं. ते माझ्या पडलं. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मतदारसंघ मात्र सांगतो, अक्कलकुवा. राज्याच्या यादीतला क्रमांक १. त्यातलं मतदान केंद्र क्रमांक १ नर्मदेकाठचं मणिबेली. दर निवडणुकीला तिथे बोटीतून यंत्रं नेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो पेपरात येतात आणि माझे जळगावचे नातेवाईक मला विचारतात, 'तू पण बोटीने जातोस का रे?' मी पायी जातो. माझ्या यादीतली घरं सात टेकड्यांवर पसरलेली आहेत आणि एका घरातून दुसऱ्या घरात आवाज पोहोचतो, पण माणूस पोहोचायला पाऊण तास लागतो.

२०२४ मध्ये मी त्या सात टेकड्या दोनदा चढलो. लोकसभेला मे महिन्यात आणि विधानसभेला नोव्हेंबरात. बाहेरून बघणाऱ्याला या दोन निवडणुका वाटतील. मला त्या दोन वेगवेगळ्या गावांतल्या वाटल्या.

१३ मेचं मतदान म्हणजे ऐन अमचुराचा हंगाम. अंगणात कैऱ्यांचे ढीग, बाया साली काढून फोडी करतायत, खडकांवर, कौलांवर फोडी वाळत पडलेल्या. सगळं गाव घरी. मतदार चिठ्ठ्या दोन दिवसांत वाटून झाल्या. सही नाहीतर अंगठा घेताना माझ्या रजिस्टरला कैरीचा चीक लागला, त्याचे काळे डाग अजून आहेत. जिचं घर तिला चिठ्ठी, तिच्या सासूला चिठ्ठी, जावेची चिठ्ठीही तीच ठेवून घेणार. दोन-चार नावं सोडली तर कुणीच गैरहजर नाही.

नोव्हेंबरात मी तेच रजिस्टर घेऊन निघालो. दिवाळी १ तारखेला झाली होती, मतदान २० ला. मधल्या दिवसांत ऊसतोडीचे ट्रक येऊन गेले होते. बारडोलीकडचे, सुरतेकडचे. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते, त्यामुळे मुकादमाने हाक मारली की निघावंच लागतं. दारं तारेने बांधलेली. कोंबड्या शेजारी. एका घरापुढे फक्त म्हातारी आणि दोन शेळ्या. मी यादीतली नावं वाचत गेलो आणि ती हाताने दक्षिणेकडे नाही, पश्चिमेकडे, गुजरातकडे दाखवत गेली. मुलगा, तिकडे. सून, तिकडे. नातू? नातवाचं नाव माझ्याच तिसरीच्या हजेरीपटावर होतं. तोही तिकडे.

बीएलओला चिठ्ठ्या वाटता वाटता एक यादी करावी लागते. एएसडी म्हणतात तिला. गैरहजर, स्थलांतरित, मयत. मतदानाच्या दिवशी ही यादी केंद्राध्यक्षाच्या टेबलावर असते. यादीतलं कुणी आलंच तर त्याला मत देता येतं, पण ओळखपत्र नीट तपासून, वेगळं प्रतिज्ञापत्र घेऊन. बोगस मतदान होऊ नये म्हणून केलेली चांगली व्यवस्था आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऊसतोडीला गेलेला माणूस स्थलांतरित म्हणायचा की गैरहजर? तो फाल्गुनात होळीला परत येतो. कधी कधी त्याआधीही, एक दिवसासाठी. मी 'गैरहजर' लिहिलं. पान संपलं, दुसरं घेतलं.

आता राजकारण. आमच्याकडे के. सी. पाडवी १९९० पासून सलग सात वेळा निवडून आले. २०१९ ला त्यांनी आमश्या पाडवींना हरवलं ते २,०९६ मतांनी, आणि मग ते आदिवासी विकास मंत्री झाले. मे २०२४ च्या मतदानात त्यांचा मुलगा गोवाल पाडवी लोकसभेला दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आला, तेव्हाच्या भाजप खासदार हिना गावितांना हरवून. सहा महिन्यांनी विधानसभेला बाप उभा, समोर पुन्हा आमश्या पाडवी, आणि हिना गावित अपक्ष म्हणून तिसऱ्या. आमश्या पाडवी जिंकले. फरक २,९०४.

का जिंकले याची कारणं धडगावच्या बाजारात प्रत्येक टपरीवर वेगळी मिळतात. लाडक्या बहिणीचे दीड हजार म्हणा, तिरंगी लढत म्हणा, तीस वर्षांचा कंटाळा म्हणा. आमच्या पाड्यावर आडनावाचा उपयोग नव्हताच, दोन्हीकडे पाडवी, त्यामुळे लोक माणसाचं नाव न घेता 'पंजा' (के. सी. पाडवींची काँग्रेस) आणि 'बाण' (आमश्या पाडवींची शिवसेना) म्हणत. मुंबईत सेना फुटली, बाण कुणाचा यावर कोर्टबाजी झाली, आमश्या पाडवी मधे ठाकरेंकडून विधान परिषदेवर गेले आणि मग शिंदेंकडे आले. इथल्या म्हातारीसाठी २०१९ लाही त्यांच्या नावापुढे बाण होता आणि २०२४ लाही. तिच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं.

मी गणिताचा मास्तर, म्हणून मी एक वेडा हिशोब केला. एका ट्रकमध्ये चाळीस मतदार धरले तर २,९०४ म्हणजे त्र्याहत्तर ट्रक. त्यातली निम्मी माणसं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो, म्हणजे सदतीस ट्रक. आमच्या एका खोऱ्यातून दिवाळीनंतर किती ट्रक उतरतात ते मी शाळेच्या ओट्यावर बसून मोजू शकतो. म्हणून मला टीव्हीवरची चर्चा ऐकताना हसू येतं. जात, विकास, नेतृत्व सगळं खरं असेल, पण शेवटच्या आठवड्यात इथले कार्यकर्ते एकच प्रश्न विचारत फिरत होते: कोणाकोणाला परत आणता येईल?

कायद्यात मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब. प्रशिक्षणात साहेबांनी वाचूनही दाखवलं. टनावर पैसे मिळणाऱ्याची पगारी सुट्टी कशी मोजायची हे विचारायला मी हात वर केला होता, पण तेवढ्यात चहा आला.

२० तारखेला आमच्या शाळेतल्या केंद्रावर सकाळी गर्दी होती, दुपारी शुकशुकाट. साडेचारच्या सुमाराला एक पिकअप चढ चढून आली. गाडी कोणाची, डिझेल कोणाचं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, याबद्दल माझं माझ्याशी अजून भांडण आहे. मागून माणसं उतरली. अंगाला उसाची कूस, हातांवर पात्यांचे ओरखडे, बायांच्या डोक्याला रुमाल तसेच बांधलेले. रात्री तीनला निघाले होते म्हणे, वाटेत गाडी बंद पडली.

त्यांतली बरीच नावं माझ्या एएसडीच्या पानावर होती. केंद्राध्यक्ष शहाद्याकडचे, भले गृहस्थ, त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन कार्ड बघायला सुरुवात केली. एका बाईचा कार्डावरचा फोटो लग्नाआधीचा. ते फोटोकडे बघतात, तिच्याकडे बघतात, परत फोटोकडे. मी म्हटलं, साहेब, हीच ती, हिची मुलगी माझ्या वर्गात आहे. त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. तिने अंगठा दिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ''गुरुजी, मला मेलेली लिहिलंस का?''

इथे मला सगळे अरे-तुरेच करतात. मी म्हटलं, नाही गं, गैरहजर लिहिलंय. तिने ते दोनदा विचारून घेतलं. मग समाधान झाल्यासारखी आत गेली. यंत्राचा लांब बीप वाजला.

बाहेर येऊन तिने बोटावरची शाई फुंकून वाळवली आणि म्हणाली, ''ही दाखवली तर मुकादम आजचा खाडा धरणार नाही ना?'' तिचा नवरा हसला. खाडा धरणारच होता, दोघांचा.

तिची मुलगी पिकअपच्या फाळक्याला लोंबकळत शाळेकडे बघत होती. वर्गात यंत्रं, दारात पोलीस, तिला आत जाता आलं नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मतदानाची सुट्टी होती, नाहीतर त्या दिवशी मी तिची हजेरी मांडली असती.