स्मोकरच्या कव्हरची डायरी: आधी दोरा मेला, कापड नंतर

आठवडा ०

स्मोकरचं, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या भट्टीचं, नवं कव्हर आलंय, पण अजून पिशवीतच आहे. आधी जुन्याचं पोस्टमॉर्टेम करायचं ठरवलं. हे दुसरं कव्हर गेलं. पहिलं गेलं तेव्हा "कापडच भिकार होतं" म्हणून हात झटकले होते, या वेळी तसं करायचं नव्हतं.

स्मोकरवर चढवताना मागची शिवण टर्रकन उसवली, धुराड्यापासून खाली हातभर. कव्हर जमिनीवर पसरलं, फटीच्या कडेचं कापड दोन्ही मुठींत धरून ताणलं. कापड जराही दाद देईना. दोरा मात्र चिमटीत धरताच भुगा. मग कव्हर उलटं केलं. आतल्या बाजूचा, म्हणजे बॉबिनचा दोरा काळाकुळकुळीत आणि असा चिवट की दातांनीही तुटेना. एकाच शिवणीतले, एकाच दिवशी घातलेले दोन दोरे. एक उन्हात राहिला, दुसरा कापडाच्या सावलीत. बस, एवढाच फरक.

विचार केला तर यात नवल नाही. उन्हातल्या यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, मारा मुख्यतः पृष्ठभागावर होतो. कापडात वरचे धागे खालच्यांना झाकतात, रंगही काही किरण गिळतो. शिवणीचा दोरा कापडाच्या वर उघडा पडलेला असतो, बारीक असतो आणि सगळा ताण तोच सोसत असतो. ३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांत कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटत तुटत आखूड होतात, हवेतला ऑक्सिजन तुटल्या जागी शिरतो आणि धागा ठिसूळ होतो. नायलॉनचा दोरा या बाबतीत पॉलिएस्टरपेक्षाही कच्चा. तेव्हा "हेवी ड्यूटी नायलॉन शिलाई" असं पिशवीवर छापलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका.

जाता जाता डेनिअरबद्दल. ६०० डेनिअर म्हणजे त्या धाग्याचं ९,००० मीटर लांबीचं वजन ६०० ग्रॅम. हा जाडीचा आकडा झाला, ऊन सोसण्याचा नव्हे. उन्हाच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: रंग धाग्याच्या आत आहे की वरून चढवलाय? धागा ओढण्याआधी द्रावणातच रंग मिसळलेलं अ‍ॅक्रिलिक वर्षानुवर्षं टिकतं ते याचमुळे. वरून रंगवलेल्या पॉलिएस्टरची गत कल्हईच्या भांड्यासारखी, वरचं उडालं की संपलं. माझं नवं कव्हर पॉलिएस्टरचंच आहे. अ‍ॅक्रिलिक घ्यायचं मनात होतं, खिशात नव्हतं.

आठवडा १

जुन्या कव्हरचा नकाशा काढला. माथा राखाडी पडलाय, दुपारच्या उन्हाची बाजू विटकरी. आतलं पाणी अडवणारं पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग माथ्यापाशी पापुद्र्यांसारखं सुटतंय, हात फिरवला की बोटांना पांढरा कोंडा लागतो. पण सावलीकडची बाजू आणि खालची झालर? जवळजवळ नवी! म्हणजे कव्हर सगळं मरत नाही. माथ्याला आणि एका कुशीला मरतं, आणि आपण उरलेलं चांगलं कापडही फेकून देतो.

इथेच डोक्यात आलं की कव्हरलाच टोपी घालावी. जुन्याच्या धडधाकट बाजूतून माथ्यापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठा तुकडा कापला आणि कडा दुमडून घेतल्या. टोपी थेट कव्हरवर टेकवली नाही. मध्ये फोमच्या नळीचे चार तुकडे ठेवले, दोन बोटं पोकळी राहील असे. काळं कापड उन्हात चांगलंच तापतं आणि उष्णतेने हीच झीज आणखी वेगाने होते. पोकळीतून वारा खेळला तर खालचं कव्हर निदान तापणार तरी कमी. टोपी विरली की दुसरी कापायची. जुन्या कव्हरमध्ये अजून दोन टोप्यांचं कापड आहे.

नव्या कव्हरच्या माथ्याच्या दोन शिवणी आणि धुराड्याभोवतीची गोल शिवण वापरायला काढण्याआधीच पीटीएफईच्या दोऱ्याने परत घातल्या. नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ. ऊन त्याला जवळपास काही करत नाही. महाग आहे आणि हातात साबणासारखा निसटतो. आरीने हातशिलाई केली, कंपनीच्या टाक्यांच्या भोकांतूनच, कारण नवी भोकं पाडली की कापड तिथे पोस्टाच्या तिकिटासारखं फाटायला मोकळं. साधी गाठ सुटते. शेवटी तीन टाके उलटे घ्या, मग गाठ मारा आणि शेपूट लांब ठेवा. लायटरने टोक वितळवून बसवायची सवय असेल तर विसरा, हा दोरा तसा वितळत नाही. पहिल्या पावसात भोकांतून थेंब आत आले, कारण हा दोरा पाणी पिऊन फुगत नाही. आतून शिवणीवर सीलर लावल्यावर थांबले.

आठवडा ३

माझाच गाढवपणा. रात्र झाली होती, झाकण हाताला थंड लागलं, म्हणून कव्हर चढवून झोपलो. झाकण थंड होतं, फायरबॉक्स, म्हणजे जाळ पेटवायची पेटी, नव्हती. सकाळी त्या बाजूचं कोटिंग पत्र्याला चिकटलेलं, तळहाताएवढं. आता नियम असा: हवेच्या सगळ्या झडपा बंद करायच्या, फायरबॉक्सच्या तळाशी तळहात टेकवून दहा अंक मोजायचे, हात आरामात राहिला तरच कव्हर. नाहीतर सकाळी.

आठवडा ६

वाऱ्याने कव्हर फडफडतं ते नुसतं आवाजापुरतं नसतं. थर्मामीटरची दांडी आणि बाजूच्या फळीचा कोपरा, या दोन ठिकाणी आतलं कोटिंग आधीच घासून गेलंय. पाण्याच्या नळीचा तुकडा उभा चिरून फळीच्या कडेला चढवला, दांडीवर जुन्या मोज्याची उशी बांधली. कमरेला एक दोरीही आवळली, पण खालची झालर मोकळीच ठेवलीय. सगळीकडून आवळलं तर आत दमट होतं, मग बुरशी आणि गंज.

आठवडा १६

पट्ट्यांचा निकाल. एका फळीवर तीन प्रकारचं कापड लावलं होतं: नव्या पॉलिएस्टरची पट्टी, तशीच पट्टी पण पाणीरोधक स्प्रे मारलेली, आणि मित्राकडून आणलेली अ‍ॅक्रिलिकची कातरण. प्रत्येकीचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलखाली. आज फॉइल काढलं.

पॉलिएस्टरवर सरळ रेघ: एकीकडे काळा, दुसरीकडे धुतलेल्या पाटीसारखा. स्प्रेवालीवरही तशीच रेघ, मला तरी फरक सांगता येईना. अ‍ॅक्रिलिकची रेघ शोधायला चष्मा लावावा लागला.

स्प्रेला दोष देत नाही. पाणी अजूनही त्यावरून मोत्यांसारखं घरंगळतं, आणि त्याचं काम तेच. पण पाणी अडवणं वेगळं आणि ऊन अडवणं वेगळं. मी घेतलेल्या डब्यावर सूर्याचं मोठं चित्र होतं, त्या चित्राला भुललो. दोन्ही कामांचा दावा करणारे स्प्रे येतात, पण आधी अशी फॉइलची पट्टी लावून बघा, मगच अख्खं कव्हर फवारा. पीव्हीसीची कव्हरं असलेल्यांनी तेलकट चकाकी देणारी पॉलिशं लांबच ठेवा. पीव्हीसीला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आधीच हळूहळू निसटत असतो, काही द्रावकांनी तो आणखी लवकर बाहेर येतो. मग घडीवर भेगा पडतात, आणि भेगा बुजवणारा स्प्रे मी तरी पाहिलेला नाही.

त्याच दिवशी कव्हर धुतलं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवण. वॉशिंग मशीन नको, कोटिंग चुरगळतं. धूळ-चिकटा साचू दिला की बुरशीला खाऊ मिळतो, बाकी धुण्याचं फार कौतुक नाही.

आठवडा २४

टोपी उतरवली. विटलीय, पण जिथे दोरी आडवी बांधली होती तिथे काळा पट्टा जसाच्या तसा. खालच्या कव्हरचा माथा पिशवीतून काढला तेव्हा होता तसाच काळा. पीटीएफईच्या टाक्यांवरून नख जोरात ओढलं, काही नाही. शिडाच्या कापडाचं काम करणारे लोक हीच नखाची परीक्षा घेतात: दोऱ्याची लव निघाली तर सावध व्हायचं, दोरा तुटला तर शिवण परत घालायची.

एक जागा सोडून. बाजूच्या पकडायच्या पट्ट्या टोपीच्या बाहेर राहिल्या आणि त्यांची शिलाई कंपनीचीच आहे. दुपारच्या उन्हाकडच्या पट्टीवर नख ओढलं तर करड्या रंगाची लव नखात आली. कव्हर ओढताना आपण झटका देतो तो नेमका याच पट्टीला. पीटीएफईचं रीळ अर्धं उरलंय, आरी काढून ठेवलीय. ही पट्टी शिवून झाली की पुढच्या टोपीला दोन्ही बाजूंना कान काढणार आहे, या पट्ट्यांवर पडतील असे.