चुकलेल्या १३३ नोंदी

माणसाच्या चिवटपणावर बेतलेल्या प्रयोगशील नृत्यांत कोसळून पुन्हा दिमाखात उभे राहणारे शरीर पाहिले की मला हल्ली कंटाळा येतो, कारण तिथले उठणे आधीच ठरलेले असते. त्यापेक्षा तैवानमध्ये जन्मलेले, स्वतःच्या शरीरालाच माध्यम करणारे कलावंत तेहचिंग शिए यांचे काम मला अधिक खरे वाटते. एप्रिल १९८० पासून वर्षभर, न्यूयॉर्कमधील आपल्या स्टुडिओत, त्यांनी रात्रंदिवस दर तासाला कामगारांच्या हजेरीयंत्रात कार्ड घालून वेळ नोंदवली आणि प्रत्येक नोंदीबरोबर स्वतःची एकेक फ्रेम टिपली. सुरुवातीला त्यांनी डोके भादरले होते. त्यामुळे या फ्रेम जोडून झालेल्या सुमारे सहा मिनिटांच्या चित्रफितीत वाढत जाणारे केसच काळ सांगतात. (याला नृत्य म्हणावे का? शरीराने पाळलेली लय, एवढाच अर्थ घेतला तर मी म्हणेन, हो.) ८,७६० पैकी १३३ नोंदी चुकल्या, त्यातील बहुतेक झोपेमुळे, आणि त्या लपवण्याऐवजी त्यांनी कारणांसह मांडल्या. फ्रेंच कलावंत योआन बुर्ज्वा जिन्यावरून ट्रॅम्पोलिनवर पडतात आणि उसळून अलगद पायरीवर परततात, तेव्हा श्वास रोखला जातो खरा, पण तिथे झेलणारे काहीतरी खाली असते. शिए यांना उठवायला होता तो फक्त गजर.