हीटमॅपमध्ये सोलापूरचा सप्टेंबर

महाबळेश्वर, रत्नागिरी, मुंबई, पुणे, सोलापूर आणि नागपूर या सहा ठिकाणांच्या सरासरी मासिक पावसाचा हीटमॅप, म्हणजे आकड्यांनुसार चौकटी रंगवलेला तक्ता, मी गेल्या महिन्यात तयार केला. आडव्या ओळीत ठिकाण, उभ्या स्तंभात महिना आणि प्रत्येक चौकटीत पावसाचे मान, अशा एकूण 72 चौकटी होत्या. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या साधनाने तक्ता मांडावा आणि सीबॉर्न या आलेख काढणाऱ्या साधनाच्या हीटमॅप फंक्शनकडे तो सोपवावा, एवढेच काम आहे असे मला वाटले होते.

पहिली अडचण महिन्यांच्या क्रमाची आली. पिव्होट करताना, म्हणजे लांबलचक यादीचा ओळी-स्तंभांचा तक्ता बनवताना, पांडाज स्तंभांची नावे अक्षरक्रमाने लावते, त्यामुळे माझे वर्ष एप्रिलपासून सुरू झाले आणि त्यामागोमाग ऑक्टोबर, ऑगस्ट अशी रांग लागली. महिन्यांचा क्रम स्वतः ठरवून दिल्यावर हा प्रश्न मिटला.

खरा प्रश्न रंगांच्या पट्टीचा होता. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सोलापूरला जेमतेम 700 ते 800. म्हणजे सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाच्या दुपटीहून अधिक पाणी महाबळेश्वरात एकट्या जुलैमध्ये कोसळते. सर्व चौकटींना एकच पट्टी लावल्यावर महाबळेश्वरचे जून, जुलै, ऑगस्ट गडद निळे झाले आणि सोलापूरची संपूर्ण ओळ जवळजवळ पांढरी राहिली. ज्या जिल्ह्यात पावसाचा प्रत्येक थेंब मोजला जातो, त्या जिल्ह्याबद्दल माझे चित्र काहीच सांगत नव्हते, आणि ते मला अजिबात मान्य नव्हते. लॉगरिदमिक पट्टीही, म्हणजे समान अंतरावर आकडा ठरावीक पटीने वाढणारी पट्टी, वापरून पाहिली, परंतु शून्याचा लॉगरिदम नसल्याने शून्य पावसाच्या चौकटी रिकाम्या राहतात, आणि सर्वसामान्य वाचकाला अशी पट्टी समजावून सांगणेही अवघड असते.

शेवटी प्रत्येक महिन्याचा पाऊस त्या त्या ठिकाणच्या वार्षिक पावसाच्या टक्केवारीत मांडला आणि पट्टी 0 ते 40 टक्के अशी बांधून टाकली. त्याबरोबर चित्र पालटले. कोकण आणि घाटमाथ्याचा जुलै गडद राहिलाच, पण पर्जन्यछायेतील सोलापूरच्या ओळीत सर्वांत गडद चौकट सप्टेंबरची निघाली.

टक्केवारीमुळे प्रत्यक्ष पाऊस किती, हे मात्र लपते. त्यावर सीबॉर्नमध्ये चांगली सोय आहे: रंग एका तक्त्यावरून आणि चौकटीत छापायचे आकडे ‘अ‍ॅनॉट’ या पर्यायातून दुसऱ्याच तक्त्यावरून देता येतात. रंग टक्क्यांचा, आकडा मिलिमीटरचा. मात्र हे दोन तक्ते नावांनुसार जुळवले जात नाहीत, केवळ स्थानानुसार जुळतात. एका तक्त्यात पुणे आणि सोलापूर यांची अदलाबदल झाली, तर कोणतीही सूचना न येता चुकीचा हीटमॅप तयार होतो, म्हणून दोन्हींचा क्रम आधी तपासून घ्यावा.

रंगांसाठी मी फिकट पिवळ्याकडून गडद निळ्याकडे जाणारी छटा निवडली. इंद्रधनुष्यी ‘जेट’ छटा मी टाळतो, कारण तिच्यातील पिवळा पट्टा मध्येच उजळतो आणि आकड्यांत नसलेली सीमारेषा डोळ्यांना दिसू लागते. सीबॉर्न ज्यावर उभे आहे त्या मॅटप्लॉटलिब या आलेख-साधनानेही 2017 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीपासून मूळ छटा म्हणून ‘जेट’ऐवजी ‘व्हिरिडिस’ स्वीकारली. मध्यभागी फिकट आणि दोन्ही टोकांना गडद होणारी छटा सरासरीपेक्षा कमी-जास्त पाऊस दाखवताना योग्य ठरते, मात्र तेव्हा शून्य नेमके मध्यावर बसवावे लागते. लाल-हिरव्याची जोडी मी तिथेही वापरत नाही, कारण अनेकांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत.

मराठी अक्षरांसाठी मात्र मला साधन बदलावे लागले. माझ्याकडील मॅटप्लॉटलिबमध्ये देवनागरी फॉन्ट देऊनही ‘मिलिमीटर’मधील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जात होती आणि ‘सप्टेंबर’मधील जोडाक्षर पाय मोडून उभे राहत होते. प्लॉटली हे दुसरे आलेख-साधन ब्राउझरमध्ये चित्र काढत असल्याने तिथे ही अक्षरे व्यवस्थित उमटली. फक्त प्लॉटलीचा हीटमॅप पहिली ओळ तळाशी ठेवतो. उभा अक्ष उलटा केल्यावर महाबळेश्वर पुन्हा वर आले.