साउंडस्टॉर्म अपडेट: ५.१ चा आवाज शेवटी टिकला, आणि चोर बोर्डात नव्हताच

राम राम मंडळी. काल रात्री सव्वाअकरा ते बारा, सलग पाऊण तास, रिसीव्हरवरचा (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) डॉल्बी डिजिटलचा दिवा एकदाही विझला नाही. एकदाही नाही भो! मागच्या अपडेटमध्ये मी जवळपास हात टेकले होते, बोर्ड बाजूला ठेवून द्यायचा विचार पक्का होत आला होता, म्हणून आज सविस्तर लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. साउंडस्टॉर्म म्हणजे एनव्हिडियाच्या जुन्या मदरबोर्डांतली आवाजाची सोय, आणि ५.१ म्हणजे सहा चॅनलचा आवाज. माझा बोर्ड एनफोर्स-टू अल्ट्रा ४०० या चिपसेटचा, साउथब्रिज (त्यातली दुसरी चिप) एमसीपी-टी, म्हणजे आत खराखुरा ऑडिओ प्रोसेसर असलेला. साधी एमसीपी असेल तर ही मजा मिळत नाही, जुना बोर्ड घेताना हीटसिंक किंवा स्टिकर बाजूला करून चिपवरचं नाव वाचाच. २००१-०२ च्या सुमाराला एनव्हिडियानं हे आणलं तेव्हा गेमचा आवाज चालू असतानाच ५.१ डॉल्बी डिजिटलमध्ये एन्कोड करून एका वायरनं बाहेर काढणारा घरगुती बोर्ड दुसरा नव्हता. एसपीडीआयएफमधून (डिजिटल आवाज नेणारी ती वायर) कच्चा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, फक्त दोन चॅनलचा जातो, सहा चॅनल न्यायचे तर आधी दाबून भरावे लागतात, आणि ते काम इथं चिपच करते, सीपीयूवर भार नाही. अ‍ॅनालॉग बाजूला मात्र एसी-९७ चा कोडेक, म्हणजे डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी साधी चिपच आहे, त्यामुळं सगळी गंमत डिजिटल आउटमध्ये. विंडोज एक्सपीच हवं, कारण व्हिस्टापासून विंडोजनं डायरेक्टसाउंडचं (गेमचा आवाज चिपकडं पाठवणारी सोय) हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनच काढून टाकलं. बोर्ड मला जळगावला गोलाणी मार्केटात एका रिपेअरवाल्याकडच्या भंगाराच्या खोक्यात सापडला, फुगलेले कपॅसिटर बदलले ते मागं सांगितलंच आहे, ती बाजू एकदम ठणठणीत चालू आहे.

आता दुखणं. स्टिरिओ तासन् तास चालायचा, तक्रार नाही. एनव्हीमिक्सर या बोर्डाच्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये डॉल्बी डिजिटलची टिक केली की आवाज भारी यायचा, आणि मग मध्येच गप्प. अर्धा सेकंद, कधी एक सेकंद. रिसीव्हरवर दिवा जायचा, परत यायचा, आवाज सुरू. गेममध्ये मागून कोणी येत असताना असं झालं की जीव नुसता चरफडतो.

आधी मी म्हटलं ड्रायव्हर. तीन वेगवेगळे टाकून बघितले, फरक शून्य. मग म्हटलं वायर. पिवळी साधी आरसीए लावली होती, ती काढून टीव्हीच्या ७५ ओहमच्या कोअ‍ॅक्सला दोन्हीकडं आरसीए पिना सोल्डर करून लावली. थोडा फरक वाटला, पण वाटलाच फक्त. मग एकदम आठवलं की माझ्या बोर्डावर मागच्या पट्टीत डिजिटल आउट नाहीच, तीन पिनांचा हेडर (बोर्डावरच्या उघड्या पिना) आहे, ५ व्होल्ट, सिग्नल, ग्राउंड, आणि ब्रॅकेट (या पिनांवरून आउट मागं काढणारी पट्टी) मिळालं नव्हतं म्हणून मी सिग्नल सरळ आरसीएला जोडला होता. इथंच एक चूक निघाली. हेडरवर येतो तो लॉजिकचा ५ व्होल्टचा सिग्नल, आणि घरगुती एसपीडीआयएफला ७५ ओहमवर अर्धा व्होल्ट पाहिजे. ब्रॅकेटवर जे दोन-चार बारीक पार्ट असतात ते याच्यासाठीच असतात. मी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यापुढं सिरीजमध्ये ३९० ओहम आणि आरसीएच्या आत सिग्नल ते ग्राउंड १०० ओहम असं केलं. हिशोब करून बघा, १०० आणि रिसीव्हरचे ७५ समांतर म्हणजे ४३ च्या आसपास, त्यावर जवळपास अर्धा व्होल्टच पडतो. पुस्तकात ३७४ आणि ९०.९ देतात, आपल्या भुसावळात ते कोण देणार, ३९० आणि १०० कुठल्याही रेडिओ रिपेअरच्या दुकानात मिळतात.

एवढं केलं तरी आवाज जायचाच. कमी झाला, पण जायचा.

मग मी वही घेतली. आवाज गेला की वेळ लिहायची, बाकी काही नाही. दोन संध्याकाळी बसलो. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता लाईट गेली, आमच्याकडं मे महिन्यात ती जातेच, शेजारी दीपनगरला एवढं मोठं थर्मल वीजकेंद्र असलं तरी जातेच, कॉम्प्युटर आणि रिसीव्हर इन्व्हर्टरवर राहिले, आणि पंचवीस मिनिटं एकही खंड नाही. लाईट आली आणि चौथ्या मिनिटाला आवाज गेला. म्हणजे इन्व्हर्टरवर जे चालत नाही त्यातलंच काहीतरी. कूलर आणि फ्रीज, दोनच गोष्टी. कूलर बंद केला (आईनं ४५ डिग्रीत कूलर बंद का म्हणून जो आवाज दिला तो डॉल्बीपेक्षा स्पष्ट होता), तरी आवाज जायचाच. मग मी हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलो, एक डोळा रिसीव्हरच्या दिव्यावर, कान फ्रीजकडं. बराच वेळ काही नाही. मग फ्रीजच्या मागून ‘टक्’, कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला, आणि त्याच क्षणी दिवा विझला. परत बारा-तेरा मिनिटांनी ‘टक्’, परत दिवा. वहीतल्या वेळा काढून बघितल्या तर बहुतेक त्याच अंतरानं होत्या. आई म्हणाली, “एवढं काय बघतोय रे फ्रीजकडं, भूक लागली का?” मी तिला उठवून खुर्चीत बसवलं आणि पुढचा ‘टक्’ दाखवला. तिला पटलं.

स्टिरिओ का टिकायचा तेही आता कळलं. पीसीएममध्ये एखादा बिट इकडचा तिकडं झाला तर फार तर बारीक टिक् होते, गाण्यात कळतही नाही. डॉल्बी डिजिटलची फ्रेम १५३६ सॅम्पलची, ४८ किलोहर्ट्झला ३२ मिलिसेकंद. त्यातला डेटा बिघडला की आख्खी फ्रेम फुकट, आणि रिसीव्हर परत खात्री होईपर्यंत तोंड बंद ठेवतो. म्हणून बारीकसा झटका अर्ध्या सेकंदाचा होऊन दिसतो. कोणाचा ५.१ तुटत असेल आणि स्टिरिओ चांगला असेल तर ड्रायव्हरच्या मागं लागण्याआधी हे बघा.

पण फ्रीजचा झटका वायरीत शिरतो कुठून? इथं मला आठवलं की कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, कूलरचं पाणी सांडून फरशी ओली असली की जास्तच. सवय झाली होती त्याची, हेच चुकलं. टेस्टर लावला, पेटला. मल्टीमीटर लावला, कॅबिनेट ते अर्थिंग १०८ व्होल्ट एसी. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला बारीक कपॅसिटर असतात, अर्थ जोडलेला नसेल तर बॉडी साधारण अर्ध्या व्होल्टेजवर तरंगते. म्हणजे माझा अर्थ तुटलेला होता. एक्स्टेन्शन बोर्ड उघडला, तीन पिनांचं सॉकेट, तीन पिनांचा प्लग, आणि आत वायर दोनच! अर्थची पितळी पट्टी कोरी करकरीत, तिला कधी वायर लागलीच नव्हती. कोणाचा बोर्ड ते लिहीत नाही, पण तुम्ही तुमचे आज उघडून बघा, खरंच सांगतो.

मग ती सगळी गळती जायची कुठून, तर माझ्या कोअ‍ॅक्सच्या जाळीतून रिसीव्हरला, रिसीव्हरमधून सेट टॉप बॉक्सला, तिथून डिशच्या वायरनं गच्चीवरच्या लोखंडी पाइपला. फ्रीजचा झटका त्याच रस्त्यानं, माझ्या अर्ध्या व्होल्टच्या सिग्नलला धक्का मारत.

एक्स्टेन्शन बदलला, तीन वायरींचा स्वतः बनवला. भिंतीच्या सॉकेटमध्ये मोजलं तर फेज-न्यूट्रल २३१ आणि फेज-अर्थ फक्त १६०. वायरमन नाना आले, त्यांनी मीटरही न बघता मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर पाय आपटला आणि म्हणाले, “कोरडा ठाक पडलाय, कधी पाणी टाकलं होतं का?” आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून सुटते, पाइपाला धरतच नाही. त्यांनी क्लॅम्प काढून घासला, गंज निघाला बोटभर, मीठ-कोळसा भरला, चार बादल्या पाणी. संध्याकाळी फेज-अर्थ २२७, कॅबिनेटवर अर्ध्या व्होल्टच्याही खाली. मुंग्या गेल्या. त्याचा आनंद मला डॉल्बीइतकाच झाला, घरात लहान पुतण्या अनवाणी फिरतो.

आणि फ्रीजचे खंड? दहातले आठ गेले. पण सबवूफरमध्ये नवीन घूं सुरू झाली, ५० हर्ट्झची. साहजिक आहे, आता कॉम्प्युटर खालून अर्थ आणि डिश वरून अर्थ, मध्ये मोठं वेटोळं. डिशची वायर काढली की घूं गायब. काही जण अशा वेळी प्लगची अर्थची पिन तोडतात, तसं कधीच करू नका, जीव जाईल. वेटोळं सिग्नलच्या वायरीत तोडायचं, अर्थमध्ये नाही.

म्हणून ऑप्टिकल, म्हणजे तांब्याऐवजी प्रकाशानं सिग्नल नेणारी वायर. लॅमिंग्टन रोडवरून तोशिबाचं ट्रान्समिटर मॉड्यूल मागवलं, नीट पॅक होऊन आलं. ऑप्टिकलला तो ३९० आणि १०० चा डिव्हायडर लागत नाही, हेडरचा सिग्नल सरळ आत, ५ व्होल्ट आणि ग्राउंड तिथंच, मॉड्यूलला चिकटून ०.१ चा कपॅसिटर. टेबलावर टोकाला लाल ठिपका दिसला तेव्हा मी वायर हातात धरून नुसता बघत बसलो. तांब्याचा संबंधच संपला, घूं संपली, फ्रीज कितीही ‘टक्’ करू दे. काल रात्री पुतण्याला खेळायला बसवलं, त्यानं दोन मिनिटांत मान मागं वळवली आणि म्हणाला, “काका, मागं कोणी आहे का?” पाऊण तासात सात-आठ वेळा तरी वळला.

पुढचा प्लॅन रिअर स्पीकर भिंतीवर चढवायचा होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं, खोक्यात दोन मेलेली लॅन कार्डं पडलीत, त्यांच्यावर छोटा पल्स ट्रान्सफॉर्मर असतो. तो डिव्हायडरच्या पुढं लावला तर कोअ‍ॅक्ससुद्धा तांब्याचा जोड न ठेवता चालायला पाहिजे, आणि ज्यांच्या रिसीव्हरला ऑप्टिकलचं भोक नाही त्यांची सोय होईल. मग स्पीकर नंतर. आज संध्याकाळी एक कार्ड गरम हवेनं उतरवतो, आधी मल्टीमीटरनं वाइंडिंगच्या पिना शोधाव्या लागतील. कोणी केलं असेल तर कुठल्या दोन जोड्या वापरल्या ते सांगा, तोपर्यंत मी फ्रीज सुरू ठेवून वही घेऊन बसतोच.