पाणी कोपऱ्यातून जातं

पहाटे साडेतीनला मोबाइल वाजला. ओढ्याची पातळी वाढली की काठावरचं यंत्र मला संदेश पाठवतं आणि आपणहून बाटल्या भरू लागतं. तलावात वर्षभर जाणाऱ्या, शेवाळ वाढवणाऱ्या फॉस्फरसचा मोठा वाटा मोजक्या जोरदार पावसांतच वाहून जातो, त्यामुळे आमचं खरं काम अशा रात्रींचं. पैसे मात्र मिळतात ते ठरलेल्या तारखेला, लख्ख उन्हात, नितळ पाण्याची एक बाटली भरण्याचे.

बाटल्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. साबण वर्ज्य, कारण त्यात फॉस्फेट असू शकतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायच्या, मग शुद्ध पाण्याने खळखळून विसळायच्या. विरघळलेला फॉस्फरस मोजायचा तर पाणी काठावरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढावं लागतं. उशीर केला की तो मातीच्या कणांना चिकटतो किंवा त्यांच्यापासून सुटतो आणि आकडा फसवा येतो. त्या रात्री पाणी इतकं गढूळ होतं की दहा-पंधरा मिलिलिटरमध्येच फिल्टर तुंबायचा. एका बाटलीला सहा फिल्टर लागले, सिरिंज दाबून दाबून अंगठ्यावर वळ उठले. टॉर्च धरून उभा असलेला नवा मुलगा दोनदा म्हणाला, "मॅडम, हे लॅबमध्ये करू या ना." मुलगा हुशार आहे, पण चिखलात बसायची त्याची अजून तयारी नाही.

उजाडल्यावर पट्टा दिसला. शेत आणि ओढा यांच्यामध्ये सरकारी अनुदानातून लावलेलं गुडघाभर, दाट गवत. शेतातलं पाणी पसरून, पातळ थराने अशा गवतात शिरलं की त्याचा वेग मोडतो आणि माती खाली बसते. ही कल्पना मला मनापासून पटते. पण रात्रभर पाऊस कोसळूनही गवताचं एक पातं आडवं झालेलं नव्हतं. सगळं शेत एका कोपऱ्याकडे उतरत होतं. तिथे पाण्याने हातभर खोल घळ पाडली होती आणि चॉकलेटी लोंढा तिच्यातून थेट ओढ्यात पडत होता.

आम्ही घळीच्या वर आणि तोंडाशी हाताने बाटल्या भरत होतो, तेवढ्यात शेतकरी बांधावर आले. "मॅडम, मी पट्ट्याच्या मोजणीच्या वेळीच सांगितलं होतं. पाणी कोपऱ्यातून जातं."

कॅनडातल्या ऑन्टारिओत १९७३ मध्ये संशोधकांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे सोडला, फॉस्फरस एकीकडेच. तेवढाच भाग शेवाळाने हिरवा झाला. विमानातून काढलेलं ते छायाचित्र पाहून मी या कामात आले, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत तोच फॉस्फरस अनुदानाच्या पट्ट्याला वळसा घालून तलावाकडे निघाला होता. निकाल आले तेव्हा घळीच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक जवळजवळ नव्हताच.

सांडपाण्याच्या पाइपाला परवाना लावता येतो, दंड करता येतो. शेतातून, रस्त्यांवरून वाहत येणाऱ्या पाण्याला असं एक तोंड नसतं, म्हणून तिथे शेतकऱ्याची संमती आणि सरकारचा पैसा लागतो. अमेरिकेतही पाइपांना परवाने लावणारा कायदा १९७२ चा, पण अशा वाहत्या प्रदूषणासाठी राज्यांना अनुदान द्यायला १९८७ उजाडलं. इतक्या उशिरा सुचलेला पैसा निदान नेमक्या जागी तरी पडायला हवा.

आमच्या अहवालात रकाने तीनच: मंजूर लांबी, पूर्ण लांबी, खर्च. पूर्ण लांबी मंजूर लांबीइतकीच भरली, त्यात खोटं काही नव्हतं. घळीचा फोटो आणि आकडे वेगळ्या कागदावर जोडले. दोन दिवसांनी अधिकाऱ्यांचा फोन आला, "पट्टा झालाय ना? मग हा फोटो कशाला?" मी सांगितलं, घळ बुजवून तिथे गवत लावलेला रुंद, उथळ चर काढावा लागेल. "ती तर दुरुस्ती ठरते. दुरुस्तीचं लेखाशीर्ष या योजनेत नाही." माणूस वाईट नाही, वेळेवर हप्ते सोडतो. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ धुमसत होते.

संध्याकाळी मोजणीच्या दिवसाची वही काढली. शेतकरी खरंच बोलले होते. माझ्याच अक्षरात एक ओळ होती: "कोपऱ्यात उतार. पावसात येऊन पाहणे." पट्टा लावण्याआधी एकदाही मी पावसात तिथे गेले नव्हते. त्या ओळीखाली टेपने घेतलेली मापं होती, मीटरमागून मीटर, पान संपेपर्यंत.